व्हिजिटिंग कार्ड: मोबाईलवर झकास, छापून आल्यावर फसलेलं, असं का होतं?

गोव्यात ऑक्टोबरात पर्यटकांचा हंगाम उघडतो. त्याआधीच्या महिन्याभरात होमस्टेवाले, टॅक्सीवाले, केटरर, स्कूटर भाड्यानं देणारे अशा सगळ्यांना एकदम कार्डं हवी असतात. डिझाइन घरच्या घरी होतं, बहुतेकदा मोबाईलवरच. कॉलेजात जाणारा भाचा तासाभरात कॅनव्हा या डिझाइनच्या अ‍ॅपवर करून देतो आणि घरच्या ग्रुपवर अंगठे वर होतात. आठवड्यानं छापखान्यातून डबा येतो तेव्हा निळा लोगो जांभळा झालेला असतो, पत्त्याची शेवटची ओळ कडेला जाऊन चिकटलेली असते आणि ‘दुरुस्ती’मधलं जोडाक्षर सुटं झालेलं असतं. मग छापखान्याच्या नावानं बोटं मोडणं सुरू होतं. कधीकधी चूक खरंच त्यांची असते, पण बऱ्याचदा घोटाळा फाइलमध्येच असतो. ती पडद्यासाठी बनवलेली असते आणि छापली जाते कागदावर.

कागदाचे, शाईचे आणि कटिंग मशीनचे नियम थोडेच आहेत. ते एकदा कळले की डिझायनर नसलेल्या माणसालाही चांगलं कार्ड करून घेता येतं.

कार्ड वाचलं कधी जातं?

हातात दिलं त्या क्षणी कार्ड कुणी नीट वाचत नाही. तेव्हा तुम्ही समोरच उभे असता, काय ते तोंडी सांगता. कार्डाची खरी गरज पंधरा दिवसांनी किंवा दोन महिन्यांनी पडते. एसी बंद पडतो, पाहुण्यांसाठी खोली हवी असते, मुंजीचं जेवण सांगायचं असतं, आणि पाकिटातून किंवा ड्रॉवरमधून कार्ड बाहेर येतं. तोपर्यंत तुमचा चेहरा विसरलेला असतो, नाव अर्धवट आठवत असतं. त्या वेळी कार्डानं दोनच प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात: हा माणूस काय करतो, आणि त्याला गाठायचं कसं?

आमच्याकडच्या अनेक कार्डांवर पहिल्या प्रश्नाचं उत्तरच नसतं. वर देवाचं चित्र, खाली सोनेरी अक्षरांत ‘एंटरप्रायझेस’, त्याखाली मालकाचं नाव. एंटरप्रायझेस कसलं? प्लंबिंगचं, काजूचं की भाड्याच्या गाड्यांचं? दुकानाच्या नावातून धंदा कळत नसेल तर नावाखालची ओळ नावाइतकीच महत्त्वाची ठरते.

जागा मोजून घ्या

आपल्याकडे कार्ड साधारण ९० × ५४ मिलिमीटरचं असतं. काही छापखाने साडेतीन बाय दोन इंचाचं, म्हणजे ८९ × ५१ मिलिमीटरचं करतात. एटीएम कार्ड ८५.६ × ५४ मिलिमीटरचं असतं, म्हणून पाकिटातल्या कप्प्यांची मापं त्याच बेतानं असतात. ‘वेगळं दिसावं’ म्हणून चौकोनी किंवा मोठं कार्ड केलं तर ते वेगळं दिसतं खरं, पण कप्प्यात मावत नाही, आणि मावलं नाही की टेबलावर राहून जातं.

चारही बाजूंनी ५ मिलिमीटर जागा मोकळी सोडली की हाताशी ८० × ४४ मिलिमीटर उरतात. देवनागरी मजकूर ९ पॉइंटात आणि ओळींमधलं अंतर १४ पॉइंट धरलं, तर ४४ मिलिमीटर उंचीत जेमतेम नऊ ओळी बसतात. (पॉइंट हे अक्षरांचं माप. १ पॉइंट म्हणजे सुमारे ०.३५ मिलिमीटर.) नऊच्या नऊ भरल्या तर डोळ्याला ठरायला जागा उरत नाही. चार-पाच ओळींत भागवायचं असं आधीच ठरवून बसलेलं बरं.

उदाहरणादाखल फोंड्यात एकट्यानं एसी-फ्रिज दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं कार्ड घेऊ. पहिल्या मसुद्यात गणपती, ‘प्रोप्रा.’ लावून पूर्ण नाव, तीन मोबाईल नंबर, ईमेल, जीएसटी क्रमांक, अकरा कंपन्यांचे लोगो आणि ‘आमच्याकडे सर्व प्रकारची कामे खात्रीशीर करून मिळतील’ अशी ओळ असते. हे चाळून काढल्यावर जे उरतं ते असं:

धंद्याचं नाव, १५ पॉइंट, ठळक.
‘एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन दुरुस्ती – घरी येऊन’, १० पॉइंट.
मोबाईल नंबर एकच, १३ पॉइंट, पाच-पाच आकड्यांचे दोन गट करून.
‘फोंडा, बांदोडा, मडकई, शिरोडा’, ९ पॉइंट.
‘सकाळी ९ ते संध्याकाळी ७, रविवारी बंद’, ९ पॉइंट.

‘घरी येऊन’ हे दोन शब्द अकरा लोगोंपेक्षा जास्त काम करतात. गावांची नावं दिल्यामुळे वास्कोहून उगाच फोन येत नाहीत. गणपती ठेवायचाच असेल तर मागच्या बाजूला ठेवा, तिथे त्याला प्रशस्त जागा मिळते.

‘पण जीएसटी नंबर टाकायला लागतो ना?’

कार्डावर टाकायची सक्ती नाही. जीएसटीचा १५ अक्षर-आकड्यांचा क्रमांक दुकानाच्या दर्शनी पाटीवर आणि बिलावर लागतो. खाद्यपदार्थांच्या परवान्याचा १४ आकडी क्रमांकही बिलावर असतो. दोन्ही कार्डावर छापले की मोबाईल नंबर शोधताना माणूस चुकीच्या आकड्यांवर अडखळतो. होमस्टेचा मामला थोडा वेगळा आहे. गोव्यात १९८२च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी करावी लागते. तुम्ही नोंदणीकृत आहात हे पाहुण्याला कळलेलं चांगलं, म्हणून तो क्रमांक मागच्या बाजूला बारीक अक्षरांत द्यावा.

पत्ता: टपालासाठी की पोचण्यासाठी?

आपल्या गावांतले पत्ते पोस्टमनला कळतात, बाहेरच्या माणसाला कळत नाहीत. घर क्रमांक, वाडा, गाव, तालुका, पिनकोड असं सगळं लिहिलं तरी पर्यटक ‘खालचावाडा’ शोधत फिरत राहतो, कारण त्या नावाचे वाडे गावोगावी आहेत. गिऱ्हाईक तुमच्याकडे येणार असेल तर खुणेची जागा नावानिशी लिहा. ‘चर्चच्या मागे’ एवढ्यानं भागत नाही, कुठल्या चर्चच्या ते लिहा. ‘पंचायतीसमोर’ चालतं, कारण गावात पंचायत एकच असते. ‘नव्या इमारतीजवळ’ चालत नाही. ती दोन वर्षांत जुनी होते.

तुम्हीच गिऱ्हाईकाकडे जाणार असाल तर पूर्ण पत्त्याची गरजच नाही, गावाचं नाव पुरतं. लँडलाइन देत असाल तर आधी ०८३२ लिहायला विसरू नका. कार्ड पुण्याला किंवा बेळगावला गेलं की नुसते सात आकडे कुचकामी ठरतात.

देवनागरी फुटते ती इथे

जुने श्रीलिपी किंवा कृतीदेव यांसारखे फॉन्ट आणि आजचा युनिकोड (यात प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक असतो) या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. जुन्या फॉन्टमध्ये ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी ते इंग्रजी कळीवर बसवलेलं चित्र असतं. ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये हा धोका नाही, तिथे वेगळीच अडचण येते. डिझाइनचं सॉफ्टवेअर जुनं असेल किंवा त्यात भारतीय लिपींची सोय चालू केलेली नसेल, तर जोडाक्षरं सुटतात, पाय मोडलेला हलन्त दिसतो आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते.

उपाय सोपा आहे. मजकूर पक्का झाल्यावर डिझायनरला अक्षरं ‘कर्व्ह’ करायला सांगा. म्हणजे अक्षरांचं रूपांतर आकृत्यांत होतं आणि कुठल्याही संगणकावर ती तशीच राहतात. कर्व्ह केल्यावर मात्र मजकूर दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी जपून ठेवायची. पुढच्या वर्षी नंबर बदलला की तीच लागते, आणि नेमकी तेव्हाच ती कुणाकडे नसते.

मापाचंही तसंच. इंग्रजी अक्षर ८ पॉइंटात वाचता येतं. देवनागरीत मात्रा वर, उकार खाली, म्हणून तेवढ्याच पॉइंटात मूळ अक्षर लहान दिसतं. देवनागरी ९ पॉइंटाच्या खाली नेऊ नका. चाळिशीचा चष्मा लागलेल्या गिऱ्हाईकासाठी १० पॉइंट बरे. मुक्ता, हिंद, नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट फुकट मिळतात आणि लहान मापातही स्वच्छ दिसतात. लग्नपत्रिकेतली वळणदार अक्षरं कार्डावर आली की ‘घ’ आणि ‘ध’ यांत फरक राहत नाही.

भाषा कुठली, हे गिऱ्हाईक ठरवतं. फोंड्याच्या कारागिराला पुढची बाजू देवनागरीत, मागची इंग्रजीत हे योग्य. हरमलच्या होमस्टेला उलटं. एकाच बाजूला दोन्ही लिप्या दाटीवाटीनं घातल्या की दोन्ही वाचवत नाहीत. मोबाईल नंबर मात्र दोन्हीकडे इंग्रजी आकड्यांतच असावा. देवनागरी आकडे न वाचता येणाऱ्या माणसाच्या हाती कार्ड कधी जाईल, सांगता येत नाही.

निळ्याचा जांभळा का होतो?

मोबाईलचा पडदा स्वतः प्रकाश टाकतो. लाल, हिरवा आणि निळा प्रकाश कमी-जास्त मिसळून तो रंग दाखवतो. या पद्धतीला आरजीबी म्हणतात. कागद प्रकाश टाकत नाही. त्याच्यावरची शाई पांढऱ्या प्रकाशातला काही भाग शोषून घेते आणि उरलेला आपल्या डोळ्यांत येतो. छपाईत चार शाया असतात: सायन (आकाशीकडे झुकणारा निळा), मॅजेन्टा (राणी रंग), पिवळा आणि काळा. ही सीएमवायके पद्धत. पडद्यावरचे झगझगीत निळे, पोपटी हिरवे आणि भडक नारिंगी या चार शायांच्या मिश्रणातून निघतच नाहीत. यंत्र मग त्यातल्या त्यात जवळचा रंग देतं.

निळा रंग सायन आणि मॅजेन्टा मिळून बनतो. दोन्हींचं प्रमाण जवळजवळ सारखं झालं की डोळ्याला जांभळा दिसतो. म्हणून छपाईतला जुना ठोकताळा असा, की सायन १०० टक्के असेल तर मॅजेन्टा ७०च्या पुढे नेऊ नये, दोघांत निदान ३० टक्क्यांचं अंतर ठेवावं. फाइल करणाऱ्याला हा एक आकडा सांगितला तरी निम्मा वाद मिटतो.

काळ्याचीही अशीच गंमत आहे. आरजीबीतलं काळं आपोआप बदललं की ते चारही शायांचं मिश्रण होऊन येतं. मोठ्या पट्ट्याला ते छान दिसतं. पण ९ पॉइंटाच्या अक्षरात चार शाया एकमेकींवर अचूक बसाव्या लागतात. केसभर सरकल्या तरी अक्षराला रंगीत सावली येते आणि ‘रु’ची गाठ भरून जाते. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत, १०० टक्के, असंच सांगायचं. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं हवीच असतील तर ती ठळक आणि मोठी घ्या, कारण शाई चहूबाजूंनी आत सरकते आणि सडपातळ मात्रा गिळून टाकते.

माया सोडा

कार्डं एकेकटी छापली जात नाहीत. १२ × १८ इंचाच्या कागदावर वीसेक कार्डं एकत्र छापतात आणि गठ्ठा करून कापतात. पातं अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होतंच. म्हणून रंग किंवा चित्र कार्डाच्या कडेपर्यंत न्यायचं असेल तर ते कडेच्या बाहेर ३ मिलिमीटर वाढवावं लागतं. याला ब्लीड म्हणतात. शिंपी शिवणीसाठी कापडाला माया सोडतो, तसंच. ९० × ५४च्या कार्डाची फाइल त्यामुळे ९६ × ६० मिलिमीटरची होते. ब्लीड नसलं की कडेला पांढरी रेघ उमटते.

याच कारणानं कार्डाभोवती नाजूक चौकट काढू नये. चौकट कडेपासून १ मिलिमीटरवर असेल आणि पातं अर्धा मिलिमीटर सरकलं, तर एका बाजूला दीड मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला अर्धा मिलिमीटर पांढरं राहतं. आकडे किरकोळ वाटतात, पण डोळा ते लगेच पकडतो आणि सगळं कार्ड वाकडं दिसतं. चौकट नसती तर ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

कागद, लॅमिनेशन आणि आपला पावसाळा

कागदाची जाडी आपण जीएसएममध्ये मागतो, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो. कार्डाला ३०० ते ३५० हवा. २५०चं कार्ड पाकिटात आठवड्याभरात वाकतं.

गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत इतका दमटपणा असतो की कपाटातल्या चपलांना बुरशी येते. कागद हा दमटपणा शोषतो आणि फुगतो, लॅमिनेशनची प्लास्टिकची फिल्म फुगत नाही. त्यामुळे एकाच बाजूनं लॅमिनेट केलेलं कार्ड फिल्मच्या बाजूला आत वळतं आणि डब्यातला गठ्ठा पन्हळीसारखा होतो. पैसे वाचवायला ‘पुढूनच लॅमिनेशन’ करणं म्हणजे पावसाळ्यात कार्डं फेकायची तयारी ठेवणं. करायचं तर दोन्ही बाजूंनी, नाहीतर अजिबात नको.

‘अजिबात नको’ हा पर्याय लोकांना कमीपणाचा वाटतो. तसा तो नाही. दातांच्या डॉक्टरला पुढची तारीख लिहायची असते, शिंप्याला कपडे मिळण्याचा दिवस, होमस्टेवाल्याला वायफायचा पासवर्ड. लॅमिनेशनवर बॉलपेन घसरतं. अशांनी लेप नसलेला जाड कागद घ्यावा, पार्श्वभूमी पांढरी किंवा फिकी ठेवावी आणि मागे दोन रेघा मोकळ्या सोडाव्यात. बिनलेपाच्या कागदावर गडद रंग भरला तर कडा लवकर झिजून पांढऱ्या दिसायला लागतात, तेवढं टाळा.

लॅमिनेशन करायचंच तर चकचकीतपेक्षा मॅट बरं. हल्ली कार्ड हातात आलं की लोक त्याचा फोटो काढून पुढे पाठवतात, आणि चकचकीत कार्डावर ट्यूबलाइट नेमकी नंबरावर चमकते. मॅटचा एक दोष आहे: काळ्या किंवा गडद कार्डावर घामाचे ठसे आणि ओरखडे उठून दिसतात. बोटीवर किंवा मासळीबाजारात काम करणाऱ्यांसाठी न फाटणारं सिंथेटिक शीट मिळतं. ते भिजलं तरी टिकतं. त्यावर लिहायला मात्र मार्कर पेन लागतं.

सोनेरी फॉइल, उठावाची छपाई, ठरावीक भागावर चकाकी यांबद्दल थोडक्यात सांगायचं तर सराफाला शोभतात, प्लंबरला नाही. आणि ती बारीक मजकुरावर कधीच करू नयेत.

‘क्यूआर कोड आहे, मग बाकीचं कशाला?’

क्यूआरला चार्ज असलेला फोन लागतो आणि बहुतेकदा नेटवर्कही. सत्तरी-सांग्याच्या डोंगराळ भागात नेटवर्क कुठे गायब होईल, सांगता येत नाही. छापलेला नंबर कुणाच्याही फोनवरून लावता येतो. क्यूआर असावा, पण नंबराच्या जोडीला.

त्यात काय भरायचं हे महत्त्वाचं. नाव, पत्ता, तीन नंबर, ईमेल असा सगळा मजकूर कोंबला की कोड दाट होतो. दोनशे अक्षरांच्या मजकुराचा कोड आडवे-उभे ५७ चौकोन इतका होऊ शकतो. तो २ सेंटिमीटरात छापला तर एक चौकोन ०.३५ मिलिमीटरचा होतो. चाळीसेक अक्षरांची लहान लिंक दिली तर २९ चौकोनांत भागतं आणि एक चौकोन जवळपास दुप्पट मोठा होतो. शाई थोडी पसरली, कार्ड थोडं घासलं तरी तो वाचला जातो. २ सेंटिमीटरपेक्षा लहान करू नका, भोवती ३ मिलिमीटर पांढरं सोडा, मध्ये मोठा लोगो घालू नका आणि कोड फक्त काळ्या शाईत छापा.

दुकानदाराला गुगल मॅपवरच्या जागेची लिंक सर्वात उपयोगी. फिरून काम करणाऱ्यानं व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कोड वापरावा. पैसे घेण्याचा यूपीआय कोड कार्डावर नको. दोन कोड शेजारी आले की माणूस चुकीचा स्कॅन करतो. नेटवरच्या काही ‘फुकट’ सेवा कोडमध्ये तुमची लिंक न भरता स्वतःची लिंक भरतात आणि तिथून पुढे ढकलतात. मुदत संपली की त्या पैसे मागतात, आणि तोवर कार्डं वाटून झालेली असतात. कोड बनवल्यावर तो स्कॅन करून बघा. तुमचीच लिंक थेट दिसायला हवी.

‘हजार छापली तर स्वस्त पडतात’

एका कार्डामागे पडतात, हे खरं. ऑफसेट छपाईत प्रत्येक रंगाची प्लेट करावी लागते, म्हणजे चार रंगांत दोन्ही बाजूंसाठी आठ. हा खर्च शंभरालाही तेवढाच आणि हजारालाही तेवढाच. डिजिटल मशीनला प्लेट लागत नाही, म्हणून शंभर-दोनशे कार्डं तिथे परवडतात. स्वस्त हजारी छपाईत अनेक गिऱ्हाइकांची कार्डं एकाच मोठ्या कागदावर जमवून छापतात. शेजारच्या कार्डाला जास्त शाई लागली की त्याचा परिणाम तुमच्या रंगावर होतो आणि दोन खेपांचा निळा जुळत नाही.

नवा धंदा असेल तर पहिली दोनशे डिजिटलवर काढा. पहिल्या हंगामात नंबर, वेळ, कधीकधी जागासुद्धा बदलते. आठशे जुनी कार्डं पडून राहिली की माणूस जुना नंबर पेनानं खोडून वाटत बसतो.

छापायला देण्याआधी

लोगो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. छपाईला एका इंचात ३०० ठिपके लागतात. फेसबुकवरून उतरवलेला ३२० ठिपके रुंदीचा लोगो म्हणून जेमतेम २७ मिलिमीटर रुंदीपर्यंतच स्वच्छ येतो. शक्यतो लोगोची मूळ व्हेक्टर फाइल (ठिपक्यांऐवजी रेषांनी बनलेली) शोधा. कॅनव्हातून काढताना छपाईची पीडीएफ निवडा आणि ब्लीड व कापण्याच्या खुणा चालू करा.

मग घरच्या प्रिंटरवर खऱ्या मापात, १०० टक्क्यांवर, एक प्रत काढा, कापा आणि हात लांब करून वाचा. घरातल्या सर्वात वयस्कर माणसाला वाचायला द्या. कार्डावरचा नंबर कागदावरून बघून दुसऱ्याच्या फोनवर लावा. पाठ असलेला नंबर आपण वाचत नाही, नुसता मान्य करतो. क्यूआर एका जुन्या, स्वस्त फोनवरही तपासा.

शेवटी छापखान्यात त्याच कागदावरचा एक नमुना मागा. तो ट्यूबलाइटखाली बघू नका, दारात दिवसाच्या उजेडात नेऊन बघा आणि पसंत पडला तर मागे तारीख घालून सही करून एक प्रत स्वतःकडे ठेवा. डबा आला की वरची पाच कार्डं न बघता मधली काढून त्या नमुन्याशी ताडून पाहा.